भोईरताईंच्या हाताखाली

नव्या मुलीला भोईरताई आधी नाव विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "कागद दिला का?"

कागद म्हणजे नेमणुकीचं पत्र. भिवंडीजवळ राहनाळच्या गोडाऊनमध्ये मी कामाला लागले त्या सकाळी मलाही त्यांनी हेच विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातातला स्कॅनर काढून घेतला, मला सुपरवायझरच्या केबिनपर्यंत नेलं आणि दारातूनच सांगितलं, "साहेब, ही पोरगी कागद मिळेपर्यंत इथंच बसणार हाय. हजेरी मात्र सकाळपासूनची लावा." दुपारी तीन वाजता माझ्या हातात पत्र पडलं. "तोंडी लागलेली नोकरी तोंडीच जाते, बाय," असं म्हणून त्या आपल्या लाइनवर निघूनही गेल्या.

त्या जवळच्याच अंजूर गावच्या. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, सोनल. सासरची जमीन दिरांनी विकली आणि त्या जमिनीवर गोडाऊनं उभी राहिली, तेव्हा ताईंनी पॅकिंगच्या टेबलावर काम धरलं. शिक्षण नववीपर्यंत. माझी भेट झाली तेव्हा त्या माल रवाना करणाऱ्या लाइनच्या प्रमुख होत्या, हाताखाली चाळीस बायका. ठेंगणी, सावळी बाई. साडीवर कंपनीचं नारिंगी जाकीट, आणि आवाज असा की फोर्कलिफ्टवाला हॉर्न द्यायचा विसरला तरी लोक बाजूला व्हायचे.

मी भिवंडीतली. वडील शाळेत शिपाई, घरात पदवी मिळवणारी मी पहिली. बी.कॉम. होऊन खोके स्कॅन करायची मला लाज वाटायची. ओळखीच्यांना मी सांगायचे, तात्पुरतं आहे. ताईंना ते कळलं असावं. एकदा म्हणाल्या, "टेंपरवारी आलीस ना, सुजाता? ऱ्हा टेंपरवारी. पण शिकशील ते अर्धं शिकू नको."

आपलं काम दोन महिन्यांत येतं, मग शेजारच्या टेबलाचं शिकायचं, हा त्यांचा नियम. त्यांनी मला आवक विभागात बसवलं, मग परत आलेल्या मालाकडे, मग भर उन्हात ट्रक लागतात त्या धक्क्यावर. एक दिवस मी कंटाळून विचारलं, "ताई, यानं प्रमोशन मिळतं का?"

"साहेबाच्या पुढं पुढं करून मिळतं, पण टिकत न्हाय. ज्या कामानं साहेबाची झोप उडते ते काम शीक."

साहेबांची झोप उडायची ती साठ्याचा मेळ न बसल्यामुळे. संगणकात शंभर नग आणि रॅकवर ब्याण्णव. मी तेच काम धरलं. वर्षभरात मेळ चुकला की मला बोलावणं यायला लागलं.

असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली तेव्हा मी अर्जच करणार नव्हते. ताईंनी जेवणाच्या सुट्टीत मला रिकाम्या लाकडी पॅलेटवर बसवलं आणि स्वतः समोर साहेब होऊन बसल्या. "बताइए मॅडम, आपको क्यों लें?"

"सर, मौका मिलेगा तो..."

"मौका भीक असते. काय केलंस ते सांग."

"आम्ही आवक विभागात..."

"आम्ही कोण? मी केलं म्हण. बाईमाणूस 'मी' म्हणायला लाजते आणि पोरगा दुसऱ्याचं कामसुद्धा 'मी केलं' म्हणून सांगतो."

पंधरा दिवस हे चाललं. जागा मला मिळाली. पेढे द्यायला गेले तर त्यांनी अर्धाच घेतला आणि म्हणाल्या, "आता माझ्या शेजारी डबा खाऊ नको. बाया म्हणतील, ताई वर चुगल्या करते." मी ते ऐकलं. जरा जास्तच सहज ऐकलं, असं आता वाटतं.

पुढच्या वर्षी नवे स्कॅनर आले. कोणी तासाला किती खोके हलवले ते नावासकट पडद्यावर सगळ्यांना दिसू लागलं. त्याच सुमारास ताईंना खोकला लागला. जाकीट अंगावर लोंबायला लागलं. ट्रक भरताना त्या मध्येच खांबाला टेकून उभ्या राहायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "धूळ हाय, दुसरं काय?" इतक्या वर्षांनंतरही ताई ठेकेदारामार्फतच कामावर होत्या, आणि ठेकेदाराकडच्या बाईने आजार सांगितला की दुसऱ्या दिवसापासून तिला बोलावणं येत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मग मॅनेजरनी माझ्याकडून कामावरून कमी करायच्या आठ नावांची यादी मागितली. सर्वांत कमी काम झालेली माणसं. आकड्यांप्रमाणे पहिलं नाव ताईंचं होतं. मी म्हटलं, "सर, त्यांना बसून करायचं काम देऊ या. त्यांचा अनुभव..."

"यादी तुमची आहे," ते म्हणाले. "हे नाव काढायचं असेल तर दुसरं घाला."

नवव्या क्रमांकावर शबनम होती, तीन लेकरांची आई. दोन दिवस मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी सही केली. ताई त्या दिवशी दोनदा माझ्या केबिनवरून गेल्या. मी मान वर केली नाही.

दुसऱ्या सकाळी गेटवर त्यांनी कार्ड लावलं आणि मशीनवर लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. मागे बायकांची रांग. वॉचमन म्हणाला, "ताई, लिस्ट में नाम नहीं है. साइड हो जाओ." मी वरच्या काचेतून बघत होते. ताई बाजूला झाल्या. आपल्या लाइनची शेवटची बाई आत जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या, मग रिक्षाच्या दिशेने चालू लागल्या.

आठ दिवसांनी मी अंजूरला गेले. ताई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. चहा दिला. मग विचारलं, "सही तुझीच ना?"

"हो."

"तुझ्या जागी मी असते तर केली असती का न्हाय, मना सांगता येत न्हाय. पण आदल्या दिवशी घरी येऊन सांगितलं असतं. चाळीस बायांसमोर उभी ऱ्हायले मी."

"ताई, चुकलं माझं."

"चुकलं न्हाय. चुकतं ते शिकताना. तुला सगळं येत होतं. तू घाबरलीस."

त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

खोकला धुळीचा नव्हता. फुप्फुसात गाठ होती, आणि कळायला फार उशीर झाला होता. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात मी एकदा भेटून आले. बोलताना त्यांना धाप लागत होती. शबनम टिकली का, एवढंच विचारलं. टिकली म्हटल्यावर डोळे मिटून पडून राहिल्या. माझ्याबद्दल काही विचारलं नाही. चार महिन्यांत त्या गेल्या. अंत्ययात्रेला लाइनवरच्या बायका कामावर खाडा करून आल्या होत्या. मी मागे उभी होते. कुणी मला पुढे बोलावलं नाही, हटकलंही नाही.

दोन महिन्यांनी एका रविवारी सोनल माझ्या दारात आली. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, हातात प्लास्टिकची फाइल. मुलाखतीची तयारी करून घ्याल का, म्हणाली. मला एकदम हायसं वाटलं. मी म्हटलं, "तयारी कशाला? आमच्याकडेच जागा आहे. मी उद्या बोलते."

तिने मान हलवली. आईसारखीच सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "न्हाय मॅडम. आईनं सांगून ठेवलंय. शिकायला सुजाताकडं जा, तिच्याइतकं कुणाला येत न्हाय. पण तिच्या हाताखाली नोकरी धरू नको."

मी तिला आत घेतलं. तेव्हापासून ती दर रविवारी येते. मला येतं तेवढं सगळं मी तिला शिकवते.