डॉरिंडाची सुट्टी

डॉरिंडा प्रुएटला आवाज चढवताना कुणी पाहिलेलं नाही. पेशंटचा नातेवाईक अंगावर धावून आला तरी ती त्याच्यापुढे खुर्ची सरकवायची आणि पाणी आणून द्यायची. त्यामुळे आम्हा नर्सेसमधल्या बऱ्याच जणी तिला गरीब गाय समजायच्या. ती तशी मुळीच नव्हती. किप लोनरगन नावाच्या माणसावर तिने चार वर्षं डूख धरला होता, आणि त्या चार वर्षांत दर वाढदिवसाला त्याच्या शुभेच्छा आल्या की ती न चुकता "थँक्यू, किप" असं उत्तर पाठवायची.

ती टेनेसीच्या डोंगरातली. आई ओव्हलीन जन्मभर मोज्यांच्या गिरणीत राबली आणि त्या पैशांवर तिने लेकीला नर्स केलं. डॉरिंडाने वीस वर्षं गावाजवळच्या एकाच आयसीयूत काढली. मग नवऱ्याशी फारकत झाली, घर विकलं गेलं, तेव्हा तिने एक जुना कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, घेतला, तो पिकअपच्या मागे जोडला, ग्रेव्ही नावाची कुत्री पुढच्या सीटवर बसवली आणि आमच्यासारखी फिरती नर्स झाली. तेरा आठवडे एका हॉस्पिटलात, पुढचे तेरा दुसऱ्या राज्यात. आई फोनवर म्हणायची, "पोरी, गोगलगाय झालीस गं तू. घर पाठीवर घेऊन हिंडतेस."

आमच्या या धंद्यात एजन्सी म्हणजे सर्वस्व. हॉस्पिटल आम्हाला ओळखत नाही, एजन्सीला ओळखतं. आणि एजन्सी म्हणजे तरी कोण, तर फोनवरचा एक एजंट, ज्याचं तोंड आपण कधी बघितलेलं नसतं. काम तोच शोधतो, हॉस्पिटलकडे आपलं नाव तोच घालतो. तासांची तक्रार, मुदतवाढ, सुट्टी, काहीही असो, ते एजंटमार्फत. मॅनेजरची खोली तीस पावलांवर असली तरी तिथे जाऊन तोंड उघडायचं नाही, पंधराशे मैलांवरच्या एजंटला फोन करायचा आणि त्याने तिथून मॅनेजरला करायचा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण पहिल्या दिवसापासून डोक्यात असं भरवलेलं असतं की थेट विचारणं म्हणजे उद्धटपणा वाटावा.

डॉरिंडाचा एजंट होता किप. ओमाहा शहरात बसायचा. बोलणं लोण्यासारखं, दर वाक्याला 'हनी'. ग्रेव्हीचीसुद्धा चौकशी करायचा. तिला वाटायचं, एजंट मिळावा तर असा.

बिस्मार्कच्या हॉस्पिटलात नवव्या आठवड्यात, फेब्रुवारीत, भाऊ ड्वाइटचा फोन आला. आईच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं. डॉरिंडा आयसीयूची नर्स. आकडे ऐकल्यावर तिला जे कळायचं ते कळलं. तिने लगेच किपला फोन लावला आणि तीन दिवसांची सुट्टी मागितली.

"लगेच विचारतो, हनी," किप म्हणाला. तासाभराने त्याचा फोन आला. "विचारलं मी. नाही म्हणाले. खूप भांडलो, पण माणसंच नाहीत त्यांच्याकडे. आणि तू अशीच निघून गेलीस ना, तर काळ्या यादीत जाशील. मग तुला कुठेच काम मिळणार नाही. माझ्या हातात असतं तर काय हवं होतं?"

ती राहिली. दुसऱ्या दिवशी ड्वाइटने फोन आईच्या कानाशी धरला. आईने एवढंच विचारलं, "कधी निघतेस?" डॉरिंडाच्या सलग पाळ्या शुक्रवारी संपत होत्या. ती म्हणाली, "शनिवारी, ममा." आई गुरुवारी गेली. तेव्हा डॉरिंडा आठ नंबरच्या खाटेवरच्या दुसऱ्याच एका म्हातारीचा हात धरून उभी होती.

शेवटच्या दिवशी चाव्या परत करायला ती मॅनेजरच्या खोलीत गेली. सोल्वेग हाउगन ही तिथली मॅनेजर, कडक आणि कमी बोलणारी बाई. चाव्या घेताना ती म्हणाली, "तुझ्या आईचं नंतर कुणाकडून तरी कळलं. तू गेली का नाहीस?"

"तुम्ही सुट्टी नाकारलीत म्हणून."

सोल्वेगने चष्मा काढला. "मी? मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मीच तुला विमानतळावर सोडलं असतं."

नंतर कळलं ते असं. त्या महिन्यात नर्सेसचे करार एकाही दिवसाचा खंड न पडता पार पडले तर किपला बक्षीस होतं. त्याने हॉस्पिटलला फोन केलाच नव्हता. तासभर थांबला आणि नाही म्हणून मोकळा झाला. डॉरिंडाने एजन्सीत तक्रार केली, तेव्हा कुणीतरी गोड आवाजात तिला सांगितलं की निरोपात गफलत झाली असावी. माणूस मरतो आणि यांच्या लेखी निरोपात गफलत होते. असल्या लोकांचं तोंडही बघू नये. पण डॉरिंडाने किपला एका शब्दाने काही विचारलं नाही. तिने एजन्सी सोडली आणि कारण सांगितलं, पश्चिमेकडे जायचंय.

त्यानंतर एजन्सी निवडायची तिची एक रीत झाली. नव्या एजन्सीचं काम धरलं की दुसऱ्या आठवड्यात ती एजंटकडे एका दिवसाची सुट्टी मागायची. खोटीच, कुठलाही दिवस. दोन दिवसांनी मॅनेजरच्या दारात डोकावून सहज विचारायची, "माझ्यासाठी कुणाचा फोन आला होता का हो?" पहिल्या एजन्सीने हॉस्पिटल नाही म्हणालं असं सांगितलं, फोन आलाच नव्हता. दुसरीचं उत्तर तीन आठवडे 'येतंच आहे' राहिलं. तिसरीची एजंट सगळं विसरून गेली होती. चौथी होती कॅन्ससमधली मार्व्हेला टिब्ज. बाईचा आवाज करवतीसारखा, हनी नाही आणि फिनी नाही. तिने पंधरा मिनिटांत सांगितलं, "विचारलं. नाही म्हणतायत. दुसरा दिवस चालेल का?" आणि मॅनेजरही म्हणाली, "हो, आला होता की फोन. मी नाही म्हटलं." त्या दिवशी डॉरिंडाने मार्व्हेलाला पक्कं धरलं. ही रीत तोंडोतोंडी पसरली. आजही ब्रेकरूममध्ये एखादी नवी मुलगी एजन्सीचं कौतुक करायला लागली की कुणीतरी म्हणतं, "ते असू दे. डॉरिंडाची सुट्टी मागून बघितलीस का?"

खरी सुट्टी मात्र डॉरिंडाने चार वर्षांत एकदाही मागितली नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी तिच्या गावचे लोक दफनभूमी साफ करून कबरींवर फुलं चढवतात, मग तिथेच झाडाखाली डबे सोडून जेवतात. ड्वाइट दर वर्षी बोलवायचा. ती म्हणायची, "यंदा नाही जमत रे."

मग आला यकिमा गावातला मे. तिथल्या आयसीयूत आम्ही सहा फिरत्या नर्सेस होतो आणि सगळ्यांचे करार जूनमध्ये एकाच आठवड्यात संपत होते. डुलुथच्या एका हॉस्पिटलात हृदयाच्या पेशंटांचा नवा विभाग उघडत होता आणि त्यांना एकत्र काम केलेल्या सहा जणी हव्या होत्या. टेक्ससची रोसाल्व्हा किंतेरो, आमच्यातली सगळ्यात तोंडाळ, तिने जाहीर केलं, "एजन्सी डॉरिंडा ठरवेल. मी निवडलेली एजन्सी आणि मी निवडलेले नवरे, दोन्ही सारखेच निघतात." सोमवारी आम्ही सहाही जणींनी मार्व्हेलाला होकार दिला आणि तिने संध्याकाळच्या आत नावं घातली. एकदा एका एजन्सीने नाव घातलं की दुसरीला ते घालता येत नाही. विषय संपला होता.

मंगळवारी किपचा फोन आला.

"हनी, ग्रेव्ही कशी आहे?" त्याने सुरुवात केली. मग हळूहळू मुद्द्यावर आला. त्याने आता स्वतःची एजन्सी काढली होती. घर गहाण ठेवलं होतं. डुलुथवाल्यांनी सांगितलं होतं, शुक्रवारी बारापर्यंत सहा जणी आण, मग या विभागाच्या पुढच्या सगळ्या नर्सेस तूच पुरवशील. तुम्ही सहा जणी मोकळ्या होताय असं त्याच्या कानावर आलं होतं. "त्या तुझं ऐकतात म्हणे. मी एकेकीला फोन करू का?"

नाव घातलंय, उशीर झाला, असं सांगून डॉरिंडाला फोन ठेवता आला असता. ती कॅम्परच्या पायरीवर बसली होती आणि पायाशी ग्रेव्ही झोपली होती. गेली चार वर्षं ती अशाच संधीची वाट बघत होती.

"नको," ती म्हणाली. "थेट फोन केलास तर बिचकतील. जे काय आहे ते माझ्यामार्फत होऊ दे. मी विचारते. पण मी सांगेपर्यंत डुलुथला शब्द देऊ नकोस."

"छे, छे. तू म्हणशील तसं. देवच पावला."

बुधवारी त्याने कॅरमेल पॉपकॉर्नचा मोठा डबा पाठवला. रोसाल्व्हाने मूठ भरत विचारलं, "कुणी पाठवलंय गं?" डॉरिंडा म्हणाली, "आहे एक जुना ओळखीचा." तिने स्वतः एक दाणाही तोंडात घातला नाही. गुरुवारी किपने तीनदा फोन केला. ती प्रत्येक वेळी म्हणाली, "विचारतेय, किप. थोडा धीर धर." आणि किपने तेच केलं जे तो जन्मभर करत आला होता. कुणालाच न विचारता त्याने डुलुथला कळवून टाकलं की सहाही जणी खिशात आहेत.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला तिने स्वतःहून त्याला फोन केला.

"विचारलं मी," ती म्हणाली. "नाही म्हणाल्या. खूप भांडले मी त्यांच्याशी. माझ्या हातात असतं तर काय हवं होतं?"

 तो विनवण्या करायला लागला. एकदा परत विचार, निदान तिघी तरी दे, मी तोंडघशी पडेन. डॉरिंडाने शांतपणे ऐकलं, पेशंटची बेल वाजतेय म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी आम्ही ब्रेकरूममध्ये डबे उघडले होते तेव्हा रोसाल्व्हाचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला, कारण तिचे हात जेवणाने बरबटले होते.

"रोसाल्व्हा, मी किप लोनरगन. तुम्ही सगळ्या का नाही म्हणालात? काय कमी पडलं ते तरी सांगा."

"कोण किप?" रोसाल्व्हा म्हणाली. "आणि कशाला नाही म्हणालो? आम्हाला कुणी विचारलंच नाही बाबा. आमची नावं सोमवारीच गेलीत, मार्व्हेलाकडून."

डॉरिंडा उठली, तिने रुमालाला हात पुसले आणि टेबलावरचा फोन आपल्यापुढे ओढला. "मी बोलतेय, किप."

"तू त्यांना विचारलंच नाहीस?" त्याच्या आवाजातलं लोणी पार आटलं होतं. "डुलुथवाल्यांनी मला तोंडावर खोटारडा म्हटलं. म्हणाले, हीच सहा नावं सोमवारपासून आमच्याकडे आहेत. परत फोन करू नकोस म्हणाले. माझं घर आहे यात, डॉरिंडा. का केलंस हे?"

"बिस्मार्क," ती म्हणाली. "फेब्रुवारी. तीन दिवसांची सुट्टी."

आम्हा पाचही जणींचे घास हातातच राहिले होते. सगळ्यांनाच वाटलं, आता तो चूक कबूल करेल, नाहीतर शिव्या देईल. तिलाही तसंच वाटत असणार. चार वर्षं तिने हा क्षण मनात शंभरदा घोळवला असेल.

"कसली सुट्टी?" किप म्हणाला. तो खरंच आठवत होता, ते आवाजात कळत होतं. "हनी, सुट्टी तर रोज कुणी ना कुणी मागतं. तुझी कुठली?"

"माझी आई मरत होती."

"अरेरे," तो म्हणाला. "मग तेव्हा मॅनेजरलाच सांगायचंस ना. तिथेच तर होती ती."

डॉरिंडाने फोन बंद केला.  किपचं घर जाणार होतं, त्याचं नाव डुलुथमध्ये मातीत गेलं होतं, उट्टं पुरेपूर निघालं होतं. आणि त्या नालायकाने जाता जाता एक खरं बोलून ठेवलं होतं.

ती ब्रेकरूममधून बाहेर पडली आणि सरळ मॅनेजरच्या खोलीकडे चालू लागली. मी मागोमाग गेले. यकिमाची मॅनेजर कसल्याशा कागदांत डोकं घालून बसली होती. डॉरिंडाने दारावर टकटक केलं.

"मला पुढच्या आठवड्यात तीन दिवस सुट्टी हवी आहे," ती म्हणाली. "आईच्या कबरीवर फुलं ठेवायला जायचंय."

"जा की," मॅनेजर मान वर न करता म्हणाली. "कुठले दिवस ते तेवढं लिहून ठेव."

डॉरिंडाने दिवस लिहिले आणि बाहेर आली. भिंतीला टेकून तिने समोरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा ती आमच्यापैकी कुणासमोर रडली. विचारायला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.