लाल चिंधीच्या शेंगा
वाळलेली शेंग हलवली की आत वाल खुळखुळतो आणि मला रायपूरच्या गुढियारी वस्तीतली ती सकाळ आठवते. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, रस्ते रुंद होत होते. आमच्या कुंपणावर आईने माहेरच्या वालाचा वेल चढवला होता. बियाण्याच्या शेंगांना तिने लाल चिंध्या बांधल्या होत्या. त्या वेलावरच वाळायच्या, कोणी हात लावायचा नाही. त्या सकाळी आई कामावर गेली आणि गल्लीत बुलडोझर शिरला. "ए पोट्टी, तुमचं कुंपण जाऊन राहिलं आज!" शेजारच्या काकू ओरडल्या. मी चिंधीच्या सगळ्या शेंगा ओरबाडून फ्रॉकमध्ये घेतल्या. बुलडोझर मात्र आमच्या दारावरून तसाच पुढे गेला. संध्याकाळी आईने एक शेंग कानाशी हलवली. आवाज आला नाही, दाणे अजून कच्चेच होते. "काहून तोडल्या व? माह्या मायकडचं एवढंच बी होतं," ती हळूच म्हणाली. ते ओले दाणे तिने सावलीत वाळवून राखेत ठेवले. पेरणीपर्यंत मी भीतच राहिले, पेरल्यावर रोज आळ्यापाशी जाऊन बसले. दोनच उगवले. त्या दोन वेलांचंच बी आज माझ्या अंगणात आहे. आईने मला पदवीपर्यंत शिकवलं, पण शेंग तोडायला हात पुढे केला की अजूनही मी आधी ती हलवून कान लावते.