घरचं मत

आम्ब्रुश केसेईनं तिसा नदी सरळ केली आणि बाप कायमचा दुरावला.

राजधानीतून, पेश्तहून, इंजिनियर होऊन आलेला पोरगा. दर वसंतात गावात शिरणाऱ्या पुराचा त्यानं एक घाव दोन तुकडे करून निकाल लावला. नदीचं वळणच कापून टाकलं. पूर थांबले, गहू मातला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण त्याच वळणावर बापाची, बालिंतची, नावेवरची गिरणी तरंगत होती. पाणीच वाहीना, तर चाक कसलं फिरतंय? म्हाताऱ्यानं शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं. त्यानं बोलणंच टाकलं.

पुढे आम्ब्रुश गावोगाव पूल बांधत हिंडला, केस पिकले. सणाला घरी जायचा. आई सूप वाढायची, बाप उठून अंगणात जायचा. आई गेली आणि जाण्याचं निमित्तही गेलं. बाबांनी एकदा हाक मारावी, याचसाठी तो झुरत राहिला.

मग लोकांनी त्याला निवडणुकीला उभं केलं. आमच्याकडे मतदान हा काही चोरीचा मामला नाही. समितीपुढे जाऊन उमेदवाराचं नाव मोठ्यानं घ्यायचं. निदान तिथं तरी बाबा आपलं नाव घेतील, या आशेनं हा गडी उभा राहिला. पार्लमेंट गेलं खड्ड्यात.

मतदानाला तालुक्याच्या गावी गाड्या भरभरून माणसं आली. टोपीत आम्ब्रुशचं पांढरं पीस, नाहीतर त्याच्याविरुद्ध उभ्या झोबोर जमीनदाराचं लाल. चौकात मांसाच्या रश्श्याच्या, गुलाशच्या, कढया रटरटत होत्या. बालिंत बिनपिसाचाच आला आणि आत समितीपुढे गेला. उमेदवारानं आत जायचं नसतं, म्हणून आम्ब्रुश दिवसभर बाहेर घिरट्या घालत होता.

संध्याकाळी समितीत बसलेला त्याचा मित्र शोमा धावत आला. जिंकलास म्हणाला.

"बाबांनी कुणाचं नाव घेतलं?"

शोमा जरा घुटमळला. "झोबोरचं."

आम्ब्रुश पाठ फिरवून चालू लागला.

"अरे, कारकून हसला त्यांना. म्हणाला, आजोबा, दुसरा तुमचाच पोरगा आहे की. तर म्हणाले, 'ठाऊक आहे. निवडून आला तर पेश्तला जाईल. पडला तर घरी येईल.'"

चौकाच्या टोकाला बालिंतला घेऊन गावाकडच्या गाड्या निघाल्या होत्या. आम्ब्रुश तिकडे पळणार, तोच लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. बँड वाजू लागला. तो गयावया करत होता, मला खाली उतरवा, मला जाऊ द्या.

लोकांना तो विनय वाटला. त्यांनी त्याला आणखी उंच उचललं.