गुंताबाईची चेरी

१९८९च्या मे महिन्यात जनावरांना लस टोचायला मी तोरणमाळला गेलो होतो. दुपारी चैत्राम पावरा धावत आला. "साहेब, चला. बकऱ्या पडल्या."

डाक बंगल्याच्या कुंपणाशी त्याच्या दोन बकऱ्या मरून पडल्या होत्या. तिसरी पाय झाडत होती. हिरड्या लालभडक, तोंडाला कडू बदामासारखा वास. शेजारी तोडलेल्या फांद्या पडल्या होत्या, पानं उन्हाने कोमेजलेली, अर्धी खाल्लेली.

"ह्या कुणी टाकल्या?"

जमलेल्यांतून बंगल्याची झाडलोट करणारी गुंताबाई पुढे आली. "मी. काल तोडल्या. कौलांना लागत होत्या."

बॅगेत विषावरचं होतं ते इंजेक्शन मी बकरीला दिलं. चैत्राम तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

तोवर त्याचा भाऊ गेंदा कुऱ्हाड घेऊन आला होता. "हाई झाड जहरी शे. बठ्ठं तोडी टाका." सगळं झाडच तोडायला तो निघाला होता.

गुंताबाई विधवा, मूलबाळ नाही. पाच वर्षांपूर्वी जंगल खात्यातल्या एका साहेबांनी हिमालयाकडून आणलेलं रोप तिच्या हाती दिलं होतं; तेच हे झाड. चेरी आहे, गुलाबी फुलं येतील, म्हणाले, आणि पुढच्याच महिन्यात त्यांची बदली झाली. तिने उन्हाळ्यात खोडाला गोणपाट गुंडाळलं, पावसाळ्यात बुडाशी पाणी साचू नये म्हणून चर खणला. फूल एकदाही आलं नाही. लोक म्हणत, साहेबाने रानातलं काहीतरी उपटून दिलं.

"थांब जरा," मी गेंदाला म्हणालो आणि झाडापाशी गेलो. साल तांबूस, चकचकीत, तिच्यावर आडव्या रेघा. देठावर, पानाच्या बुडाशी, दोन बारीक गाठी. कॉलेजात असताना सिमल्याच्या सहलीत मास्तरांनी हेच दाखवलं होतं. पान चुरगळलं. तोच वास.

"गुंताबाई, ही खरंच चेरी आहे."

तिचा चेहरा उजळला. पण पुढचंही सांगणं भाग होतं. "हिची कोमेजलेली पानं जनावरांना विष असतात. बकऱ्या त्यानेच गेल्या."

गेंदाने कुऱ्हाड उचलली. गुंताबाई खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"चैत्रामभाऊ, फांद्या मी टाकल्या. माझी बकरी घे, पिल्लांसकट. याचं पडलेलं एक पान मी जमिनीवर राहू देणार नाही. पण झाड राहू दे."

चैत्रामने वर पाहिलं नाही. त्याची बकरी अजून धापा टाकत होती. गेंदाही कुऱ्हाड टेकून थांबला. अर्ध्या तासाने बकरीने मान उचलली, मग पुढचे पाय टेकले.

"राहू दे गेंदा," चैत्राम म्हणाला. "अजून एक मेली, तर मीच तोडीन."

त्याच संध्याकाळी तो तिची बकरी घेऊन गेला. तिने झाडाभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. रोज टोपली घेऊन पानं वेचायची आणि खड्ड्यात पुरायची.

पुढच्या वर्षी कार्तिकात मी पुन्हा गेलो, तेव्हा झाड फुललं होतं; हिमालयातली ही चेरी याच दिवसांत फुलते. फिकट गुलाबी झुबके, पाहतच राहावं असे. पण ती पानगळीचीही वेळ होती. गुंताबाई वाकून पानं वेचत होती. बोलायलाही तिला उसंत नव्हती.