साडूच्या गाडीचे मागचे टायर

दसऱ्याची सकाळ, चेरीतालला साडूचं अंगण... आणि मी त्याच्या गाडीच्या मागच्या चाकासमोर उकिडवा बसलेलो, हातात हळदीकुंकवाची वाटी.

अविनाश माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दुचाकी बंद सांगितली, तर या माणसाने मोटरसायकललाच मागच्या एका चाकाऐवजी दोन चाकं बसवून तिची तीनचाकी करून घेतली. मरून रंग, मागे पाठ टेकायला गादी... सिग्नलला लोक फोटो काढतात. माझ्या स्कूटरचा फोटो आजवर एकदाच निघालाय, चालानसाठी.

पण खरं दुखणं गाडी नव्हती, सासूबाई होत्या. वीस वर्षं त्यांना डॉक्टरकडे, बँकेत, लग्नाकार्याला मीच नेत आलो. आता म्हणतात, "तुमच्या स्कूटरवर भेव वाटते जावईबापू, अविनाशच्या गाडीवर कसं झोपाळ्यात बसल्यासारखं वाटते." वीस वर्षांची सेवा एका झोपाळ्यात गेली... आणि रविवारी त्या त्याच झोपाळ्यात बसून भेडाघाटला धबधबा बघायला निघणार होत्या.

अविनाशला वाकता येत नाही, म्हणून चाकांची पूजा माझ्याकडे. "भाऊ, तुमच्याच हातून होऊन जाऊ द्या," तो खुर्चीतून म्हणाला. म्हणजे गाडी त्याची, खुर्ची त्याची, उकिडवा मी.

टायर काळेभोर चमकत होते, नक्षी अगदी कोरी. वरून पाहणारा कुणीही नवेच म्हणेल. पण कुंकवाचं बोट टेकवायला गेलो तर नाकासमोर टायरच्या बाजूवरचे ते चार आकडे... पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर अकरा वर्षांचा निघाला. चाकं बसवणाऱ्याने जुन्याच टायरला पॉलिश मारून दिलं होतं. रिमच्या कडेने बारीक भेगाही होत्या, उन्हाळ्यात टाच फुटते तशा. दुसऱ्या बाजूला गेलो, तिथेही तेच.

मी काय केलं? भेगांवर स्वस्तिक काढलं. चांगलं ठसठशीत. नारळ फोडला, पेढा खाल्ला आणि घरी आलो.

स्वतःला समजावलं... सणाच्या दिवशी कशाला. शिवाय बोललो तर सगळे म्हणतील, जळतो. यातलं दुसरं खरंच होतं. आणखी खरं सांगायचं तर डोळ्यांसमोर एक चित्र येत होतं... भर रस्त्यात टायर बसलेली ती मरून गाडी, भोवती बघे, आणि आता कुणी फोटो काढत नाहीये. त्या चित्रात सासूबाई नव्हत्या. मी त्यांना सोयीने आधीच उतरवून ठेवलं होतं.

गुरुवारी दसरा झाला. शनिवारी दुपारी जेवताना बायको म्हणाली, "परवापासून पाहून राहिली, जेवण जात नाही तुमचं. काहून?" मी सांगून टाकलं. तिचा वाढता हात थांबला.

"माझी आई बसणार आहे त्याच्यावर... आणि तुम्ही कुंकू लावून आले?"

बस, एवढंच बोलली. माझा मोबाइल आणून ताटाशेजारी ठेवला. मी अविनाशला फोन लावला, पण दसऱ्याचं गिळून टाकलं... म्हटलं, आज तुझ्या घरावरून जाताना टायरला भेगा दिसल्या.

तासाभरात अविनाश हळूहळू गाडी चालवत अधारतालला टायरच्या दुकानात हजर, मागोमाग स्कूटरवर मी. उद्या सासूबाईंना न्यायचंय, हे अविनाशने आल्याआल्याच सांगितलं. दुकानदाराने अंगठ्याने दाबलं तशी भेग उघडली, आत धागे दिसले. "इस पे माताजी को बिठाने वाले थे, भैया?" त्याने विचारलं अविनाशला, पण मान माझी खाली गेली.

मग निवड. अविनाशला हवे होते रुंद, पांढऱ्या अक्षरांचे, मिरवायचे. माझ्यातला साडू म्हणाला, घेऊ दे की... पण या वेळी मी तोंड उघडलं. रुंद टायर मडगार्डला घासेल, गाडीच्या कागदावर आहे तोच साइज घे. मागचे दोन्ही एकदम बदल, एकाच कंपनीचे, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढेल.

दुकानदाराने भर घातली की ही गाडी वळणावर झुकत नाही, म्हणून मागे कारचा सपाट टायरच बरा, पुढे मात्र मोटरसायकलचाच. त्याने काढलेल्या प्रत्येक टायरचे चार आकडे मी वाचले. एक जोडी परत पाठवली, दोन वर्षं गोदामात पडलेली होती. शेवटी तो वैतागला, "भाईसाहब, टायर लेना है या कुंडली मिलानी है?"

तेवढ्या वेळात चार जणांनी गाडीसोबत सेल्फी घेतली. एकाने मला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

रविवारी सासूबाई भेडाघाटला जाऊन सुखरूप परत आल्या. संध्याकाळी सगळे चेरीतालला जेवायला. अविनाश भरल्या पंगतीत म्हणाला, "मला तर वाकताच येत नाही. भाऊंची नजर होती म्हणून आज आईंना घेऊन गेलो." सासूबाईंनी स्वतः उठून श्रीखंडाची पहिली वाटी मला वाढली. "तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत आहे, जावईबापू."

हे वाक्य ऐकायला मी वीस वर्षं थांबलो होतो... आणि त्या दिवशी घास गिळता येईना. बायको समोरच बसली होती. तिने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. त्या पेल्यासाठी मी तिचा ऋणी आहे.

तुमची गाडी कमी चालत असेल तर नक्षीवर जाऊ नका, खाली वाकून टायरचं साल वाचा. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं.

आणि अविनाश, तू हे वाचशीलच. ते टायर मला शनिवारी नाही, दसऱ्यालाच दिसले होते. आईंना मी स्वतः येऊन सांगतो, तेवढं मला करू दे... गाडी मात्र तुझी अजूनही बघवत नाही.