चुंबळीचा नंबर

"चुंबळ ठिवलीया की मी वट्ट्यावर. आता आनि कार्ड कशापायी?" डेल्मिरा म्हणाली.

"नवा नर्स आलाय गं. त्येला टोप्या-चपला कळत न्हाईत," सेवेरिआना काकी खलबत्त्यात औषधी मुळ्या कुटता कुटता बोलली. "आण हिकडं, माझ्याबरूबर तुजंबी ठिवते."

"ऱ्हाऊ दे. माजं मी देते."

आमच्या पराग्वेतल्या या गावात दवाखान्याच्या रांगेत आधी माणसं नाही, वस्तू बसतात. पहाटे यायचं, ओट्यावर आपलं काहीतरी ठेवायचं आणि कामाला लागायचं. कुणाची टोपी, कुणाचा तेरेरे, म्हणजे गार पाण्यातला पाल्याचा चहा, प्यायचा पेला. डेल्मिरा बसथांब्यावर चिपा विकते, कसाव्याच्या पिठाचे चीज घातलेले पाव. टोपली डोक्यावर, म्हणून रांगेत तिची चुंबळ. जुनी नर्सबाई दारातून हाक द्यायची, "चुंबळवाली, ये." ब्लडप्रेशरच्या गोळ्या बारा वर्षं अशाच मिळाल्या. कार्ड बाई आत बघायची आणि गप बसायची.

कारण कार्डावर जन्मल्यावर ठेवलेलं पुरुषाचं नाव होतं, विल्फ्रिडो बेनितेस. ते बदलायला डेल्मिरा कचेरीत दोनदा गेली आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आली. या गावात ती आली तीच डेल्मिरा म्हणून. थांब्यावर कुणाला दुसरं काही माहीत नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

तिनं कार्ड पालथं करून नव्या नर्सच्या, लिब्रादोच्या हातात दिलं. पोरगा राजधानीतून शिकून आलेला, कामाला चोख. त्यानं सगळी कार्डं कॉम्प्युटरात भरली आणि अंगणात येऊन एकेक नाव घ्यायला लागला.

"विल्फ्रिडो बेनितेस."

कुणी उठेना. त्यानं पुन्हा हाक दिली, तिसऱ्यांदा आणखी मोठ्यानं. डेल्मिरा उठली नाही. गोळ्या संपून चार दिवस झालेले, कानात गुणगुण चाललेली.

"त्यो काय येत न्हाई आज," सेवेरिआना काकी म्हणाली. "डेल्मिरा, जा तू त्येच्या नंबरात."

काकीला ठाऊक होतं, का नुसता रिकामा नंबर दिसला म्हणून बोलली? डेल्मिराला काही उमगेना. ती आत गेली.

खोलीला दार नव्हतं, पडदा होता. लिब्रादोनं कार्ड बघितलं, तिच्याकडं बघितलं.

"मावशी, भावाच्या गोळ्या भावालाच मिळतील. त्याला पाठवा."

बाहेरची कुजबूज थांबली. हो म्हणावं तर रिकाम्या हातानं जायचं. नाही म्हणावं तर अख्ख्या अंगणाला ऐकू जायचं. टेबलावर शाईचा डबा होता. डेल्मिरानं अंगठा बुडवला, कागदावर उठवला आणि कार्डावरच्या ठशाशेजारी सरकवला.

लिब्रादो दोन्ही ठसे बघत राहिला. त्याचे कान तांबडे झाले. मग त्यानं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघून जीभ चावली आणि महिन्याच्या गोळ्या काढून दिल्या.

"पुढल्या वेळी हाक कशी मारू?" त्यानं हळूच विचारलं. "कॉम्प्युटरात तर एकच नाव बसतंय."

"बारा वर्सं हाक मारलीच की बाईनं."

त्यानं डोकं खाजवलं.

बाहेर काकी तिची चुंबळ घेऊन उभी. "घावल्या गोळ्या?"

"घावल्या."

"बरं झालं. त्यो इल्फ्रिडो बिचारा तसाच ऱ्हायला."

डेल्मिरानं काकीच्या तोंडाकडं निरखून बघितलं. हसू नव्हतं, टोमणा नव्हता. दोघी थांब्याकडं चालल्या. काकीनं अंगठ्यावरची शाई बघितली का? बघितली असेल तर विचारत का नाही? आणि आपणच विचारलं, तर ठाऊक नसलेलं ठाऊक करून दिल्यासारखं व्हायचं. डेल्मिरानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय गं?"

"काय न्हाई."

काकीनं तिच्या डोक्यावर चुंबळ नीट बसवली. थांब्यावर ठेवलेली टोपली उचलायला दोघींचे हात लागले. वळणावर दहाची बस दिसली. डेल्मिरानं शाईचा अंगठा एप्रनला पुसला आणि बसच्या दाराकडं पळाली. "चिपा, गरम चिपा."