पावणेदोन तासांचं वारली चित्र

आमच्या हॉलच्या भिंतीवर मी काढलेलं वारली चित्र एकूण पावणेदोन तास टिकलं. त्यातला शेवटचा अर्धा तास तर ते दोघांनी हातांनी धरून ठेवलं होतं म्हणून.

पंचवटीतलं आमचं घर तसं बरं होतं, पण हॉलची एक भिंत मोरीला लागून. तिथे कायम ओल, पोपडे, आणि मधोमध कुठल्याशा देशाच्या नकाशासारखा डाग. रविवारी ताईला बघायला सिन्नरकडचे पाहुणे येणार होते. आधीचे पाच जण पोहे खाऊन गेले होते. हा सहावा मात्र ताईला फोटोतच आवडला होता. ती मला एवढंच म्हणाली, "या वेळी भाषण करू नकोस." (चौथ्याच्या वेळी मी फक्त दोन प्रश्न विचारले होते. दुसरा जरा लांब होता.)

डाग झाकायला आईला मेनरोडवरून स्वित्झर्लंडचं पोस्टर आणायचं होतं. बर्फ, धबधबा, लाल छपराचं घर. मी भडकले. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात माणसं घराच्या कुडावर गेरू लावून तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात, आणि त्याच जिल्ह्यात राहून आम्ही परदेशी डोंगर विकत आणायचे? हे मी वीस मिनिटं सांगितलं. आई म्हणाली, "काढ बाई तूच. पण बोलू नको."

बोलण्यात मी तरबेज होते, चित्रात नव्हते. त्यात ओलीवर गेरू धरेना. मग माझं डोकं चाललं. आमच्या युवा मंडळाची पत्रकं मीच लिहायची आणि चौकाचौकांत मीच चिकटवायची, त्यामुळे मैद्याची खळ शिजवण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. पलंगाखाली उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. छापील बाजू भिंतीकडे, कोरी बाहेर, अशी सगळी चिकटवली. वर गेरू. त्यावर तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारे बावीस जण. दुपारी तीनला भिंत अशी दिसत होती की अण्णासुद्धा "बरंय" म्हणाले. (आमचे वडील हा शब्द वर्षातून दोनदा वापरायचे.)

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि निवृत्त मास्तर असलेले वडील. एसटीने धूळ खात आल्यामुळे तिघांनीही मोरीत जाऊन मनसोक्त पाणी ओतत हातपाय धुतले. म्हणजे भिंतीच्या पलीकडे! मग उकडतंय म्हणून अण्णांनी पंखा पाचवर केला.

आधी एका नाचणारीचा पाय सुटला.

"आवं, ती बाई पडती बघा," मुलाची आई म्हणाली.

"नाचतेय ती," मी म्हणाले आणि चहा आणायला पळाले.

परत आले तेव्हा मास्तर मुद्द्यावर आले होते. "आमची तशी काही अपेक्षा नाही," ते म्हणाले, "पण..."

त्या 'पण'वर तारपावाला सुटला आणि गिरकी घेत त्यांच्या पोह्यांत पडला. छापील बाजू वर. मास्तरांनी चष्मा लावला आणि पस्तीस वर्षांच्या सवयीने खणखणीत वाचलं, "मुलाकडची एकही मागणी मान्य करू नका! मागणाऱ्याला चहासुद्धा देऊ नका!"

मी ट्रे घेऊन समोर उभी. मास्तरांनी आधी ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा ठेवणार, की परत नेणार?"

मी ट्रे पटकन त्यांच्यासमोर ठेवला. ताईचं तोंड गेरूसारखं लाल झालं. तेवढ्यात आणखी सहा नाचणारे सुटायला लागले. मुलगा हसत उठला आणि त्याने दोन्ही तळवे भिंतीला लावले. दुसऱ्या बाजूने ताई धावली. अर्धा तास ती दोघं भिंत धरून हळू आवाजात बोलत उभी होती. (एरवी ताई पाहुण्यांसमोर मानही वर करत नसे.) मास्तरांनी चहा घेतला, 'पण'च्या पुढचं वाक्य चहाबरोबर गिळलं, आणि निघताना मुलाला भिंतीपासून सोडवून नेलं. पाठोपाठ चित्र खाली आलं.

आठ दिवस फोन नाही. ताई धड जेवेना आणि माझ्याशी तर बोलेचना. नवव्या दिवशी फोन वाजला. अण्णांनी ऐकता ऐकता खुणेने सांगितलं, मुलगी पसंत. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "अपेक्षा काही नाही म्हणतायत, पण..."

मी ताडकन उठले. बघा, निघालाच 'पण'!

मागणी एकच होती. लग्नघराच्या, मांडवाच्या किंवा सिन्नरच्या त्यांच्या घराच्या कुठल्याही भिंतीला धाकट्या मुलीचा हात लागता कामा नये.

तत्त्वाने बघितलं तर मुलाकडची एकही मागणी मान्य करायची नव्हती. पत्रक माझंच होतं. तरी अण्णांनी घरात मत विचारलं. पहिला हात ताईचा वर गेला. दुसरा, मान खाली घालून, माझा.